विकतची आसवे

दिवाळी अंकात आसवांना तोटा नसतो. कथेतल्या नायिकेचे डोळे दुसऱ्या पानावर पाणावतात, चौथ्या पानावर भरून येतात आणि शेवटच्या पानावर नायकाचा सदरा भिजवून टाकतात. त्यासाठी तिला एक पैही पडत नाही. तेव्हा या सदरानेही यंदा आसवांचाच हिशेब मांडला, तर तो अंकाच्या एकंदर धोरणाला सोडून होणार नाही. फरक एवढाच, की मी सांगणार आहे ती आसवे विकतची आहेत. ती बाटलीत मिळतात, बाटलीवर किंमत छापलेली असते, आणि सत्तरीकडे झुकलेल्या कितीतरी घरांत ती आता चहा-साखरेच्या यादीत जाऊन बसली आहेत.

या दुखण्याला मान नाही, हे प्रथम सांगून टाकते. हृदयाचे दुखणे झाले की माणसे भेटायला येतात, गुडघा बदलला की शहाळी घेऊन येतात, 'डोळे कोरडे पडलेत' म्हटले, तर समोरचा म्हणतो, "पाणी भरपूर पीत जा हो!" ज्याला होते त्याला विचारावे. डोळ्यात रांगोळीची कणी गेली आहे आणि तुळशीचे लग्न लागले तरी ती निघत नाही, अशी काहीशी ती अवस्था. सकाळी पापणी बुबुळाला चिकटून बसते. दुपारी वर्तमानपत्राच्या ओळी एकमेकींच्या अंगावर रेलतात. दोन-चारदा डोळे मिटून उघडले की पुन्हा सुट्या होतात. संध्याकाळी प्रत्येक दिव्याभोवती जाळे दिसते. आणि गंमत अशी, की या कोरड्या डोळ्यांतून पाणी वाहते!

त्याचे कारण ऐकण्यासारखे आहे. आपल्या डोळ्यावर सदैव एक पातळ थर असतो. वर तेल, मध्ये पाणी, आणि बुबुळाशी धरून ठेवणारे चिकट द्रव्य खाली. तेल येते ते पापण्यांच्या कडेला असलेल्या बारीक ग्रंथींतून. वय झाले, विशेषतः बायकांची पाळी गेली, की या कारखान्याचे उत्पादन मंदावते. थर विरतो, मध्येच फाटतो. बुबुळ उघडे पडले की झोंबते, आणि मग शरीर घाबरून भसकन पाणी सोडते, कांदा चिरताना सोडते तसे. ते गालावरून ओघळून जाते, डोळ्याच्या काही कामाला येत नाही. सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्या, मन शांत ठेवणाऱ्या काही गोळ्या, रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, याही या कोरडेपणाला हातभार लावतात. एका दुखण्याची गोळी दुसऱ्या दुखण्याचा थेंब मागते, असा हा व्यवहार.

माझ्या वन्सं चिंचवडला मुलाकडे असतात. वय चौऱ्याहत्तर. यजमान तिकडच्याच एका कारखान्यात होते. त्यांच्यामागे वन्संना पेन्शन मिळते ती महिना १,८४० रुपये. कोणी भुवया उंचावू नयेत. खाजगी नोकरीतल्या माणसांच्या १९९५ च्या पेन्शन योजनेत २०१४ साली किमान रक्कम ठरली, ती महिना १,००० रुपये होती. मुलगा आणि सून दोघेही गुणी आहेत. घराचे हप्ते आहेत, नातवाची फी आहे, पण वन्संना कोणी काही कमी करीत नाही. मात्र मागून घ्यायचे कसे, हा प्रश्न चांगल्या घरातच अवघड होतो. वाईट घरात माणूस भांडून तरी घेतो.

वन्संना वाचनाचे वेड. वाचनालयातून आठवड्याला तीन कादंबऱ्या आणणार आणि चौथीसाठी ग्रंथपालाशी हुज्जत घालणार. गेल्या वर्षी गणपतीत त्या आमच्याकडे राहायला आल्या, तेव्हा मी मुद्दाम दोन नवी पुस्तके त्यांच्या उशाशी ठेवली होती. चार दिवसांत एकाचेही पान उलटले नाही.

"आता काय वाचायचं राहिलंय वहिनी?" त्या म्हणाल्या. "सगळ्यांचं तेच ते."

वन्संच्या तोंडी हे वाक्य मला पटेना. माझ्या घरात दुधाचा, इस्त्रीचा आणि गॅसच्या टाकीचा हिशेब मी ठेवते. त्यामुळे कुठलीही वस्तू किती दिवस पुरली हे पाहायची मला खोड आहे. त्यांच्या औषधांच्या पिशवीत डोळ्यांची एक छोटी बाटली होती आणि तिच्याभोवती दुकानदाराची पावती गुंडाळलेली होती. पावतीवर तारीख १२ जूनची. गणपती ऑगस्टअखेरचे. बाटलीत अजून तिसरा हिस्सा औषध शिल्लक होते.

चिठ्ठी पाहिली तर लिहिलेले: दोन्ही डोळ्यांत, दिवसातून दोनदा.

"वन्सं, ही बाटली एवढे दिवस कशी पुरली?"

त्या आधी काही बोलल्या नाहीत. मग पदराने डोळा टिपत म्हणाल्या, "उजवा जास्त दुखतो, म्हणून त्यातच घालते. तेही रात्री. डावा सोसतो."

"आणि डॉक्टरांना हे सांगितलंत?"

"त्यांना काय सांगायचं? ते म्हणाले, औषध लागू पडत नाहीये. पुढच्या खेपेला दुप्पट जोराचं देतो म्हणाले. त्यानंही नाही भागलं तर डोळ्यांच्या कोपऱ्यातली भोकं बुजवायची म्हणे. त्याचे काही हजार."

मला सांगायचे आहे ते सारे या एका वाक्यात आहे. वन्संनी पैसे वाचवण्यासाठी औषध पाव केले. पाव औषधाने गुण आला नाही. गुण आला नाही म्हणून डॉक्टर अधिक महागाच्या औषधाकडे निघाले. डॉक्टरांचे काही चुकले नव्हते. त्यांच्यासमोर होता तो डोळा. पिशवीतली पावती कुठे होती? तपासणीत पापणीखाली कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटांत ती किती भिजते ते पाहतात. ऑटो शिर्मर नावाच्या जर्मन डॉक्टरने १९०३ मध्ये काढलेली ही युक्ती आजही चालते. त्या पट्टीवर आसवे मोजता येतात, संकोच मोजता येत नाही.

ते दुसरे औषध कोणते, तर सायक्लोस्पोरिन. त्याचा इतिहास मी वन्संना सांगितला तेव्हा त्यांची थोडी करमणूक झाली. स्वित्झर्लंडमधल्या सँडोझ कंपनीचे लोक सुटीवर गेले की जातील तिथली मूठभर माती पिशवीत घालून आणायचे, न जाणो एखादी उपयोगी बुरशी सापडली तर! १९६९ मध्ये नॉर्वेच्या हार्डांगरविडा पठारावरून अशी माती आली. तिच्यातल्या बुरशीतून जे द्रव्य निघाले, ते शरीराची प्रतिकारशक्ती आवरून धरते, हे १९७२ मध्ये ध्यानात आले. मूत्रपिंड, यकृत बदलण्याच्या शस्त्रक्रिया ज्या औषधामुळे खऱ्या अर्थाने यशस्वी होऊ लागल्या, ते हेच. अमेरिकेत त्याला १९८३ मध्ये परवानगी मिळाली. पुढे जॉर्जिया विद्यापीठातल्या रेने कॅस्वान या पशुवैद्य बाईंनी ते कुत्र्यांच्या कोरड्या डोळ्यांत घालून पाहिले, आणि कुत्र्यांना आसवे येऊ लागली.

"म्हणजे मी कुत्र्याचं औषध घालते?" वन्सं म्हणाल्या.

"कुत्रा दोनदा घालून घेतो, वन्सं."

हसण्यावारी नेले तरी मुद्दा खरा आहे. हे औषध म्हणजे नुसते वंगण नव्हे. अश्रुग्रंथींना आणि डोळ्याच्या पृष्ठभागाला आलेली सूज ते हळूहळू उतरवते आणि डोळ्याला स्वतःची आसवे करायला लावते. त्याला वेळ लागतो, तीन महिने, कधी सहा. सुरुवातीला झोंबते. म्हणजे पहिले कित्येक आठवडे पैसे जातात, डोळे चुरचुरतात आणि फायदा दिसत नाही. काटकसर करणाऱ्या माणसाला यापेक्षा अवघड औषध शोधून सापडणार नाही. आणि एक दिवसाआड, एका डोळ्यात असे घातले, तर जे पैसे टाकले तेही वाया.

त्या रात्री मी वही घेऊन बसले. बाटली तीन मिलिलिटरची. एक थेंब साधारण ४० मायक्रोलिटरचा, म्हणजे मिलिलिटरचा पंचविसावा भाग, असा धरला तर बाटलीत ७५ थेंब. दिवसाला चार. बाटली एकोणिसाव्या दिवशी रिकामी! महिन्याला एक, असे वन्संनी मनाशी धरले होते ते मुळातच चूक. तिची किंमत ३८० रुपये. दिवसातून सहा वेळा घालायचे कृत्रिम अश्रू, तेही प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले, ४२० रुपयांची बाटली वीस दिवस. रात्रीचे जेल वेगळे. सगळे मिळून महिन्याचे सोळाशे रुपये होत होते, आणि पेन्शन १,८४०. उरलेल्या २४० रुपयांत वन्संनी नातवाच्या वाढदिवसाला काय द्यायचे, भजनी मंडळाची वर्गणी कशी भरायची आणि रिक्षाला काय द्यायचे? 'एकाच डोळ्यात घालते' या वाक्याचा अर्थ मला वहीत असा आकड्यांनी लिहिलेला दिसला.

थेंबाचा आणखी एक हिशेब आहे, तो मात्र मला अजून पटलेला नाही. डोळ्याच्या खोलग्यात फार तर ३० मायक्रोलिटर मावते, आणि त्यात आपले स्वतःचे सातेक आधीच असतात. बाटली थेंब देते ४० चा. म्हणजे निम्म्याच्या आसपास औषध गालावर! अमेरिकेत काचबिंदूच्या रुग्णांनी यावरून औषध कंपन्यांवर दावे लावले होते, थेंब मुद्दाम मोठा ठेवता म्हणून. २०१७ मध्ये शिकागोच्या अपील न्यायालयात रिचर्ड पोस्नर या नामांकित न्यायमूर्तींनी तो दावा काढून टाकला. न्यायमूर्तींविषयी मला पूर्ण आदर आहे. पण वन्संचा गाल त्यांनी पाहिलेला नाही.

अमेरिकेचा विषय निघाला आहे, तर आमच्या धाकट्या भाऊजींचे सांगते. हे वन्संचे शेंडेफळ भाऊ; चाळीस वर्षे न्यू जर्सीत, आता निवृत्त. भावा-बहिणीला दुखणेही एकच मिळाले. अनंत चतुर्दशीला त्यांचा फोन आला तेव्हा वन्संची बाटली अजून माझ्या हातात होती.

"केवढ्याला म्हणालात वहिनी? तीनशे ऐंशी रुपये? डॉलर नव्हे ना?"

हेच औषध तिकडे रेस्टॅसिस या नावाने २००२ च्या डिसेंबरात मंजूर झाले. महिन्याची किंमत शेकडो डॉलर. म्हाताऱ्यांच्या सरकारी विम्यात, मेडिकेअरमध्ये, दवाखान्याबाहेरच्या औषधांची सोय झाली तीच मुळी १ जानेवारी २००६ पासून. आणि त्या विम्याच्या मधोमध एक खड्डा होता. वर्षाचा औषधखर्च ठरावीक रकमेच्या पुढे गेला की विमा हात आखडता घेई आणि रुग्णाने आपल्या खिशातून भरायचे. भाऊजी दर वर्षी पावसाळा संपता संपता त्या खड्ड्यात पडत. कंपन्या सवलतीची कुपने वाटत, परंतु सरकारी विमा असलेल्याला ती चालत नाहीत. सरकारी पैशाने चालणाऱ्या योजनेत असे आमिष दाखवणे तिथल्या कायद्याने गुन्हा ठरतो. म्हणजे कुपन तरुणाला, आणि पूर्ण किंमत म्हाताऱ्याला.

मग स्वस्त पर्याय का नव्हता? ती कथा एखाद्या फार्साला शोभेल. औषधाचे मूळ पेटंट २०१४ मध्ये संपले. त्याआधीच ॲलर्गन कंपनीने आणखी काही पेटंटे मिळवून मक्तेदारी २०२४ पर्यंत लांबवली होती. वर्षाला शंभर कोटी डॉलरहून अधिक विक्री. गाय दुभती होती. त्या पेटंटांना पेटंट कार्यालयात आव्हान मिळाले, तेव्हा २०१७ च्या सप्टेंबरात कंपनीने ती पेटंटे चक्क न्यू यॉर्क राज्याच्या उत्तर टोकाला राहणाऱ्या सेंट रेजिस मोहॉक या आदिवासी जमातीच्या नावे करून दिली! तिकडच्या मूळ रहिवाशांच्या जमातींना स्वतंत्र सत्तेचा दर्जा असतो, त्यांना खटल्यांपासून संरक्षण असते. ते संरक्षण आपल्याला लागू होईल हा हिशेब. जमातीला त्यासाठी १ कोटी ३७ लाख ५० हजार डॉलर रोख, आणि पुढे वर्षाला दीड कोटींपर्यंत. जमातीला दोष द्यावा असे मला वाटत नाही. शाळा-दवाखाने चालवायला त्यांनाही पैसा हवा होता. पण हजारो म्हाताऱ्यांच्या डोळ्यांतल्या थेंबाची किंमत टिकवण्यासाठी एका जमातीचे सार्वभौमत्व भाड्याने घ्यायचे, ही कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली त्याचे डोळे कधी चुरचुरले नसावेत.

पुढच्याच महिन्यात टेक्ससच्या न्यायालयात न्यायमूर्ती विल्यम ब्रायसन यांनी ती पेटंटे रद्द ठरवली, आणि जाता जाता या भाड्याच्या व्यवहारावरही कडक शेरा मारला. २०१८ मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल कायम केला. एवढे होऊनही दुसऱ्या कंपनीच्या स्वस्त औषधाला परवानगी मिळाली ती २०२२ च्या फेब्रुवारीत. विम्यातला खड्डा बुजला तो २०२५ मध्ये. त्या वर्षीपासून वर्षाच्या औषधखर्चाला २,००० डॉलरची कमाल मर्यादा आली. मधली वर्षे भाऊजींनी कशी काढली? तर ताईसारखीच. "एकदाच घालायचो वहिनी," ते म्हणाले, "आणि डॉक्टरला सांगायचो, दोनदा घालतो." दोन खंड, दोन चलने, आणि एकाच आईची दोन मुले!

आपल्याकडे ते स्वस्त का, हेही भाऊजींनीच विचारले. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्याने औषध या वस्तूवर मक्तेदारी दिली नाही, ते करण्याच्या कृतीवर तेवढी दिली. २००५ पर्यंत ही सवलत होती आणि तेवढ्या काळात आपल्या कंपन्या अशी जुनी औषधे करायला शिकल्या. म्हणून न्यू जर्सीत जे शेकडो डॉलरला, ते चिंचवडला शेकडो रुपयांना. परंतु स्वस्त हा शब्द पेन्शनच्या आकड्यापाशी उभा करूनच वापरावा.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मी वन्संना घेऊन डॉक्टरांकडे गेले. जाताना रिक्षात त्यांनी दोनदा सांगितले, "तू पैशाचं काही बोलू नकोस हं. बरं नाही दिसत." भाजीवाल्याशी आठ आण्यांसाठी पंधरा मिनिटे भांडलेल्या या बाई! डॉक्टरपुढे किंमत विचारणे म्हणजे त्यांच्या विद्येचा अपमान आणि आपल्या मुलाच्या मिळकतीची बदनामी, असे आपल्या पिढीने कुठून उचलले कोण जाणे.

मी बोलले नाही. वही पुढे ठेवली. डॉक्टरांनी ती वाचली, चष्मा काढला, आणि वन्संना म्हणाले, "आजी, तुम्ही हे जूनमध्येच सांगितलं असतंत तर मी औषध बदलायचं मनातसुद्धा आणलं नसतं." दुप्पट जोराचे औषध खोडले. भोके बुजवण्याचा बेत पुढे ढकलला. मग प्रत्येक ओळीवर बोट ठेवून बसले. सायक्लोस्पोरिन तेच, पण दुसऱ्या कंपनीचे, २५० रुपयांचे. चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव लिहिले. हे महत्त्वाचे आहे, कारण चिठ्ठीवरचे नाव दुकानदाराने आपल्या अखत्यारीत बदलून देणे नियमात बसत नाही. बदल हवा तर तो डॉक्टरांच्या खोलीतच करून घ्यावा लागतो. कृत्रिम अश्रू सहाऐवजी चार वेळा, आणि चार वेळांसाठी साधी, प्रिझर्व्हेटिव्हची बाटली चालेल, असे त्यांचे मत पडले. वारंवार घालायचे असतील तर मात्र ते प्रिझर्व्हेटिव्हच बुबुळाला त्रास देते आणि मग महागाची घ्यावी लागतात. वन्संच्या डोळ्यांना जे चालले ते दुसऱ्याला चालेलच असे नाही, हे डॉक्टरांनी बजावून सांगितले आणि मीही सांगते.

या साध्या अश्रूंतले कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे. यादीतल्या औषधाची कमाल किंमत सरकार ठरवते. पण त्यात आणखी एखादे द्रव्य मिसळून नवे नाव दिले, की ते यादीबाहेर जाते आणि छापील किमतीला पंख फुटतात. २००८ साली सुरू झालेल्या जनऔषधी केंद्रांत हेच अश्रू फार कमी किमतीला मिळतात. आपल्या भागातल्या केंद्रात कोणते थेंब आहेत ते जाऊन विचारावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून औषधांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आला, तेवढाही फरक पावतीवर दिसला पाहिजे.

विम्याची मात्र आशा धरू नये. सत्तरीपुढच्या सर्वांना ऑक्टोबर २०२४ पासून पाच लाखांचे आयुष्मान कार्ड मिळते. वन्संनी ते मोठ्या हौसेने काढून देवघरात ठेवले आहे. ते रुग्णालयात दाखल होण्यासाठी. घरच्या मेडिक्लेमचेही बहुधा तेच. मोतीबिंदू काढायला पैसे आहेत, पण काढल्यावर कोरड्या पडलेल्या डोळ्यात घालायला नाहीत. केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेल्यांना त्यांच्या आरोग्य योजनेतून औषधे मिळतात; बाकीच्यांनी आपापला पदर पाहावा.

स्वस्ताईलाही एक सीमा आहे, ती सांगितली नाही तर हा हिशेब अर्धवट राहील. २०२३ मध्ये अमेरिकेत कृत्रिम अश्रूंच्या बाटल्यांतून जंतुसंसर्ग पसरला. ८१ जणांना लागण झाली, १४ जणांची दृष्टी गेली, चौघे दगावले. त्या बाटल्या आपल्या चेन्नईजवळच्या एका कारखान्यातून गेल्या होत्या. डोळ्यात घालायची वस्तू निर्जंतुक असावी लागते आणि तो खर्च टाळता येत नाही. म्हणून बाटली उघडली की साधारण चार आठवड्यांनी टाकायची. वन्संची जूनमधली बाटली मी त्याच दिवशी त्यांच्या देखत केराच्या टोपलीत टाकली, तेव्हा त्यांचा जीव तिसऱ्या हिश्शासाठी तुटला. एकदाच वापरायच्या छोट्या कुप्या मिळतात, त्यांतली उरलेली झाकून उद्यासाठी ठेवू नये. आणि शेजारणी सांगतात ते गुलाबपाणी, मध, गाईचे तूप डोळ्यात नको. तूप पुरणपोळीवर घालावे.

बाकी बिनपैशाचे उपाय डॉक्टरांनी सांगितले ते थोडक्यात: गरम पाण्यात पिळलेला स्वच्छ रुमाल दहा मिनिटे मिटलेल्या डोळ्यांवर, म्हणजे पापण्यांतले तेल मोकळे होते, पंख्याचा झोत तोंडावर नको, दूरदर्शन आणि मोबाईल पाहताना माणूस पापण्या लववायला विसरतो, तेव्हा आठवणीने लववाव्यात. एका वेळी एकच थेंब, खालची पापणी ओढून. मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दाबून धरायचा. दुसरे औषध पाच-दहा मिनिटांनी. हात थरथरत असेल तर कोणीतरी घालून द्यावे. वन्संना हे काम आता नातू करतो आणि दर थेंबामागे एक गोष्ट वसूल करतो.

नवा हिशेब साडेसहाशेच्या आत बसला. आमचे हे म्हणाले, "ताई, आता भाऊबीजेला वर्षाचं औषधच घालतो ताटात." वन्संनी तिथल्या तिथे फटकारले, "ओवाळणी ती ओवाळणी. औषध माझ्या मुलानं आणायचं." आणि घरी गेल्यावर त्यांनी मुलाला सरळ सांगितले. तो बिचारा जूनपासून समजत होता, की आईचे डोळे बरे आहेत म्हणून बाटली पुरते आहे. आता पावती स्वयंपाकघरात कालनिर्णयच्या पानाला टाचलेली असते.

माघात त्यांचा फोन आला. त्या दोन पुस्तकांपैकी एक वाचून झाले होते. दुसरे बरे नव्हते, हे सांगायला केला होता. आणि परवा सूनबाईंकडून कळले, की भजनी मंडळातल्या दोघींच्या पिशव्या वन्संनी तपासल्या, त्यांच्या पावत्यांवरच्या तारखा पाहिल्या, आणि येत्या बुधवारी त्या दोघींना घेऊन डॉक्टरांकडे निघाल्या आहेत. वही माझीच मागवून घेतली आहे.